दिवे गेले, दिवे आले

वीज बंद पडली म्हणजे आपल्याकडे "विद्युत्पुरवठा खंडित झाला" असे कोणी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा मान सरकारी पत्रकाचा. आपण म्हणतो, "दिवे गेले!" भर दुपारी, घरात एकही दिवा लागलेला नसताना नुसता पंखा थांबला, तरी आपल्या तोंडून शब्द निघतात ते हेच. आणि घटकाभराने तो पंखा पुन्हा कुरकुरत फिरू लागला की आळीतली सारी पोरे एका सुरात ओरडतात, "आले, आले!"

येथून हजारो मैल दूर, कॅरिबियन समुद्र आणि ॲटलांटिक महासागर यांच्या सीमेवर, पोर्तो रिको नावाचे एक बेट आहे. तेथील माणसे स्पॅनिश बोलतात. मराठीचा एक शब्दही त्यांच्या कानांवरून गेलेला नसेल. तथापि वीज गेली म्हणजे तीही म्हणतात, "से फुए ला लुस" — उजेड गेला. आणि वीज आली की म्हणतात, "ल्येगो ला लुस" — उजेड आला. विजेचे नाव त्या वाक्यांत नाही, जसे ते आपल्याही वाक्यात नाही. माणसाला विजेशी कर्तव्य नसते, उजेडाशी असते.

यांतले पहिले वाक्य साऱ्या बेटाने एकाच दिवशी उच्चारले, २० सप्टेंबर २०१७ रोजी. दुसरे वाक्य उच्चारावयास मात्र काही घरांना पुढच्या वर्षाचा ऑगस्ट उजाडावा लागला. अमेरिकेच्या इतिहासात एवढा मोठा आणि एवढा लांबलेला अंधार दुसरा नाही. तो कसा पडला, इतका का टिकला, आणि खांबाखांबावर चढून तो कोणी व कसा दूर केला, त्याची ही हकिगत. दिव्यांच्या सणाला अंधाराची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण दिव्याची खरी गोष्ट अंधारापासूनच सुरू होते.

*

पोर्तो रिको आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेसेच मोठे. वस्ती त्या काळी तेहेतीस लाखांच्या आसपास. चारी बाजूंनी समुद्र, मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगरांची रांग, डोंगरउतारावर कॉफी आणि केळी, किनाऱ्याला नारळ. कोकणातल्या माणसाला ते बेट परके वाटू नये. चार शतके त्यावर स्पेनचे राज्य होते. १८९८ साली ते अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक झाले. मात्र बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. घरचे म्हणावे तर पंक्तीला पान नाही, आणि पाहुणे म्हणावे तर तोही मान नाही, असे काहीसे हे नाते. पुढे जे घडले त्यात या नात्याचाही वाटा आहे.

वादळ या भूमीला नवे नव्हे. किंबहुना इंग्रजीतला 'हरिकेन' हा शब्दच या बेटांवरचा. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी येथे राहणाऱ्या ताइनो लोकांच्या भाषेतून तो स्पॅनिशमध्ये आणि तेथून जगभर गेला. पुढे ख्रिस्ती धर्म आला, तेव्हा ज्या संताच्या दिवशी वादळ येई त्या संताचे नाव त्या वादळाला देण्याची चाल पडली. १८९९ चे 'सान सिरियाको', १९२८ चे 'सान फेलिपे', १९३२ चे 'सान सिप्रियान' ही नावे तेथील आज्यांच्या तोंडी आपल्याकडच्या दुष्काळाच्या सालांसारखी असत. अमक्याचा जन्म सान फेलिपेच्या आधीचा, तमक्याचे लग्न त्यानंतरचे, असा हिशेब चाले.

वीज या बेटावर आली ती पाण्यातून. उसाच्या मळ्यांसाठी कालवे काढले, धरणे बांधली, आणि त्या धरणांच्या पाण्यावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लहान लहान जलविद्युत्केंद्रे सुरू झाली. आन्तोनियो लुकेत्ती नावाच्या एका अभियंत्याने या तुकड्यांतून साऱ्या बेटाची एक वीजव्यवस्था उभारण्याचा ध्यास घेतला. १९४१ साली सरकारी मालकीचे वीज प्राधिकरण स्थापन झाले ते त्याच्याच नेतृत्वाखाली. पुढच्या दोन-तीन दशकांत तारा डोंगर चढून खेड्यापाड्यांत गेल्या, कारखाने निघाले, घराघरांत शीतकपाटे आली. या काळात प्राधिकरणात नोकरी लागणे ही त्या बेटावर प्रतिष्ठेची गोष्ट होती.

परंतु लुकेत्तीची पाण्याची केंद्रे पुढे अपुरी पडली आणि त्यांची जागा तेलावर चालणाऱ्या मोठ्या केंद्रांनी घेतली. त्यांतली बरीचशी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर उभी राहिली. आणि वीज लागते ती मुख्यत्वे उत्तरेला, राजधानी सान ह्वान आणि तिच्या आसपास. म्हणजे दक्षिणेची वीज उत्तरेला न्यावयाची तर मधली डोंगररांग ओलांडणे आले. जंगलांतून, दऱ्यांवरून, एकामागून एक मनोरे उभे करून ती नेली गेली. शांत हवेत ही व्यवस्था ठीक चालली. पण साऱ्या बेटाचा जीव या डोंगरावरच्या काही तारांत अडकला होता, हे विसरता येण्यासारखे नव्हते. तरी ते विसरले गेले.

याला कारण पैसा. २००६ नंतर बेटाची आर्थिक स्थिती खालावत गेली. कारखाने उठले, तरुण माणसे न्यू यॉर्क-फ्लोरिडाकडे निघून गेली. प्राधिकरण कर्ज काढून दिवस ढकलू लागले, आणि ते कर्ज सुमारे नऊ अब्ज डॉलरांवर गेले. ज्याच्या गळ्याशी कर्ज येते तो पहिल्याने काय करतो? जे आज न केल्यास आज कळून येत नाही, ते काम पुढे ढकलतो. तारांवर येणाऱ्या फांद्या छाटणे राहिले. गंजलेले मनोरे रंगवणे राहिले. जुने खांब तसेच उभे राहिले. अनुभवी कामगार निवृत्त झाले किंवा देशांतर करून गेले, आणि त्यांच्या जागा भरल्या नाहीत. जुलै २०१७ मध्ये प्राधिकरणाने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. वादळ यावयास तेव्हा अडीच महिने उरले होते.

*

त्या सप्टेंबरात वादळे एकटी आली नाहीत. ६ सप्टेंबरला 'अर्मा' नावाचे महाभयंकर वादळ बेटाच्या उत्तरेकडून केवळ घासून गेले, तेवढ्यानेच दहा लाखांहून अधिक ग्राहकांचे दिवे गेले. लाइनमन लोकांनी रात्रंदिवस खपून त्यांतले बहुतेक परत आणले. हजारो घरे अजून अंधारात होती, माणसे थकलेली होती, कोठारांतले सामान संपत आले होते. आणि तशात २० सप्टेंबरच्या पहाटे 'मारिया' आले.

आग्नेय किनाऱ्यावरील याबुकोआ या गावाजवळ ते जमिनीवर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. तेथून ते तिरके, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे, साऱ्या बेटावरून गेले आणि दुपारी वायव्येकडून समुद्रात उतरले. १९२८ च्या सान फेलिपेनंतर इतके जबर वादळ या बेटाने पाहिले नव्हते. काही ठिकाणी पस्तीस इंचांहून अधिक पाऊस कोसळला. हिरव्यागार डोंगरांवर एक पान राहिले नाही. वणवा लागून गेल्यासारखे ते तपकिरी दिसू लागले. मनोरे गुडघे मोडल्यासारखे दरीत बसले. खांब पडले, तारा झाडांत गुंतल्या, झाडे रस्त्यांवर आडवी झाली आणि रस्ते दरडींखाली गेले. प्राधिकरणाचे सुमारे पंधरा लाख ग्राहक होते. त्यांतल्या एकाच्याही घरी वीज उरली नाही.

उपग्रहांनी घेतलेली त्या दिवसांतली रात्रीची छायाचित्रे जगाने पाहिली. आधीच्या चित्रात बेट सोन्याच्या सरीसारखे झगमगते आहे. नंतरच्या चित्रात सान ह्वानजवळचे काही ठिपके सोडले तर तेथे बेट आहे हेही कळत नाही. त्या वर्षी आपल्याकडे लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते. आपण दारात पणत्या लावीत होतो त्या संध्याकाळी, वादळाला महिना होत आला असताही, पोर्तो रिकोतील दर पाच घरांपैकी सुमारे चार घरे अंधारात होती.

अंधार या शब्दाने मात्र खरी कल्पना येत नाही. दिवा नसला तर मेणबत्ती लावता येते. पण वीज गेली की पाण्याचे पंप थांबतात आणि नळ कोरडे पडतात. दूरध्वनीचे मनोरे मुके होतात. औषधांच्या दुकानातले शीतकपाट बंद पडते आणि मधुमेहाच्या रोग्याचे इन्सुलिन तापू लागते. ज्याचा श्वास यंत्रावर चालतो, त्याच्या घरातले जनित्र आणि त्यात घालावयाचे तेल यांवर त्याचे आयुष्य मोजले जाऊ लागते. मुख्य बेटाच्या पूर्वेला व्येकेस नावाचे लहान बेट आहे. तेथील मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त शुद्ध करणारे केंद्र वादळात निकामी झाले. त्या रोग्यांना उपचारासाठी विमानाने मुख्य बेटावर न्यावे लागे.

सरकारने आरंभी मृतांचा आकडा ६४ सांगितला. घर अंगावर पडून, पुरात वाहून, दरडीखाली सापडून गेलेल्यांचा तो आकडा होता. परंतु लोकांना आपापल्या गल्लीतली रिकामी झालेली घरे दिसत होती, आणि हा हिशेब त्यांना पटत नव्हता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी सहा महिन्यांतील मृत्यूंची नेहमीच्या मृत्युमानाशी तुलना केली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने नवा अंदाज मान्य केला: २,९७५. वादळ एका दिवसात निघून गेले होते. यांतली बहुसंख्य माणसे नंतरच्या महिन्यांत गेली. जी म्हातारी होती, गरीब होती, औषधपाण्यावाचून राहिली, ती. म्हणूनच खांबावर चढणाऱ्या माणसाच्या प्रत्येक दिवसाला तेथे किंमत होती. उशीर झालेल्या दिवसाचा हिशेब कोणाच्या तरी श्वासांत होत होता.

*

वीज परत आणणे म्हणजे पडलेली तार उचलून जोडणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ते झाडाला पुन्हा पालवी आणण्यासारखे काम आहे. मूळ, खोड, फांद्या, डहाळ्या असा क्रम सोडून ते करता येत नाही. आधी वीजकेंद्र सुरू व्हावयास हवे. त्यापासून निघणाऱ्या मोठ्या दाबाच्या वाहिन्या मनोऱ्यांवर पुन्हा चढवाव्या लागतात. मग उपकेंद्रांतले चिखलपाणी उपसून तेथील यंत्रे तपासावयाची. त्यानंतर गावागावांकडे जाणाऱ्या वाहिन्या. त्यांतही आधी रुग्णालये आणि पाण्याचे पंप. मग आळीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, आणि सर्वांत शेवटी तुमच्या-आमच्या घरात जाणारी ती दोन बोटे जाडीची तार. डोंगरमाथ्यावरच्या चार घरांसाठी वीस खांब उभे करावे लागतात आणि शहरात तेवढ्याच खांबांत शेकडो घरे उजळतात. साहजिकच शेवटचा नंबर डोंगरावरच्याचा लागतो. त्यात अन्याय आहे असे म्हणावे, तर दुसरा क्रम लावून दाखविणे कठीण आहे.

या कामातला सर्वांत मोठा वैरी वारा नव्हे, पाऊसही नव्हे. तो असतो कोणा भल्या गृहस्थाच्या परसात घुरघुरणारे लहानसे जनित्र. गृहस्थ ते घराच्या तारांना जोडतो, पण घर बाहेरच्या तारेपासून तोडावयाचे विसरतो. मग त्याची वीज घरात फिरून उलटी खांबाकडे जाते. ट्रान्सफॉर्मरला पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे समजत नाही. एरवी तो हजारो व्होल्टांचा दाब उतरवून घराला देतो. उलट्या वाटेने वीज आली तर तोच दाब हजारोंपर्यंत चढवतो. आणि तीन मैलांवर, साऱ्या गावात अंधार आहे म्हणून तार मेलेली असेल असे समजून एखाद्याने तिला हात लावला, तर तो हात पुन्हा खाली येत नाही. म्हणून जाणता लाइनमन डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही. तो आधी तार तपासतो, मग तिला जाड तारेने जमिनीशी जोडतो, आणि मगच हात लावतो. जिचा जमिनीशी संबंध जोडलेला नाही ती तार जिवंतच, हा त्याचा पहिला धडा. त्या हिवाळ्यात पोर्तो रिकोत गल्लोगल्ली जनित्रे होती, हे लक्षात घेतले म्हणजे काम सावकाश का चाले हे कळते.

डोंगरातले काम तर आणखी निराळे. जेथे रस्तेच उरले नव्हते तेथे हेलिकॉप्टरमधून खांब टांगून नेले, माणसेही तशीच कड्यांवर उतरवली. खांब, तारा, चिनी मातीचे विद्युत्‌रोधक, खिळ्यापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सारे जहाजाने यावयाचे. त्याच्या काही आठवडे आधी टेक्सासला 'हार्वी' आणि फ्लोरिडाला 'अर्मा' वादळ बसल्यामुळे अमेरिकेतील खांबांची आणि तारांची कोठारे आधीच उपसली गेली होती.

*

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. त्याच सप्टेंबरात 'अर्मा'ने फ्लोरिडातील एका मोठ्या वीज कंपनीच्या सुमारे ४४ लाख ग्राहकांचे दिवे घालविले होते. त्या कंपनीने जवळजवळ सर्वांचे दिवे दहा दिवसांत परत आणले. जादू कोणतीही नव्हती. वादळ किनाऱ्यावर येण्यापूर्वीच इतर राज्यांतून हजारो लाइनमन आपल्या गाड्या घेऊन तेथे येऊन बसले होते. अमेरिकेतील वीजसंस्थांची ही फार जुनी रीत आहे: आज तुमच्यावर आली तर आम्ही येऊ, उद्या आमच्यावर आली तर तुम्ही या, खर्चाचा हिशेब मागाहून. खेड्यात एकाचे घर शाकारावयास सारी वाडी येते, तिला कोणी निविदा मागवीत नाही, तसेच हे.

पोर्तो रिकोच्या प्राधिकरणाने ही हाक वेळेवर घातली नाही. मदतीला येणाऱ्यांची राहण्या-जेवण्याची सोय आणि खर्च यांची हमी देण्याइतके बळ दिवाळे निघालेल्या संस्थेत नव्हते, हे खरे. तिने त्याऐवजी व्हाइटफिश नावाच्या, मोंटाना राज्यातील एका लहानशा कंपनीशी तीस कोटी डॉलरांपर्यंतचा करार केला. वादळ आले त्या दिवशी त्या कंपनीत पूर्णवेळ नोकर होते दोन. बाहेरून माणसे गोळा करून तिने डोंगरातल्या काही वाहिन्या उभ्या केल्या. तेथे राबलेल्या कामगारांच्या घामाला दोष देता येणार नाही. पण कराराचा बोभाटा झाला, २९ ऑक्टोबरला तो रद्द करण्याचे जाहीर झाले, आणि ३१ ऑक्टोबरला, म्हणजे वादळानंतर एक्केचाळीस दिवसांनी, इतर वीजसंस्थांना मदतीची रीतसर हाक गेली. नोव्हेंबरात प्राधिकरणाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडे सप्टेंबरच्या अखेरीसच काम सोपविले होते, पण त्यांचेही साहित्य समुद्रावरूनच यावयाचे होते. आणि जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय अधिकारी सान ह्वानजवळच्या पालो सेको येथील प्राधिकरणाच्या एका कोठारात शिरले, तर बाहेर ज्यांच्यासाठी पथके खोळंबली होती त्यांतले बरेच सुटे भाग तेथे फळ्यांवर पडलेले आढळले. लपवून ठेवले नव्हते, असे प्राधिकरणाने सांगितले. तसे असेल, पण घरात असलेली वस्तू घरच्यालाच ठाऊक नसावी, हे लपविण्याहून फारसे बरे नाही.

हाक उशिरा गेली, तरी माणसे आली. न्यू यॉर्कच्या वीज कंपन्यांची पथके आली. त्यांत काही जण मूळचे याच बेटाच्या रक्ताचे होते. ज्या डोंगरातून आजोबा पोट भरण्यासाठी बोटीत चढले, त्याच डोंगरात नातू खांबावर चढला. जानेवारीत अमेरिकेच्या अनेक राज्यांतून आणखी पथके आणि जहाजे भरभरून शिडीच्या गाड्या आल्या. नाताळ, नववर्ष, सारे सण या माणसांनी घरापासून दूर काढले. आणि प्राधिकरणाचे स्वतःचे लाइनमन तर पहिल्या दिवसापासून कामावर होते. दुसऱ्याच्या घरात दिवा लावून रात्री आपल्या अंधाऱ्या घरी परत जावयाचे, असा त्यांच्यातील अनेकांचा क्रम महिनोन् महिने चालला.

*

सर्वांना मात्र वाट पाहवली नाही. बेटाच्या वायव्येला सान सेबास्तियान नावाचा, चाळीसएक हजार वस्तीचा गाव आहे. त्याला लोक जुन्या नावाने 'पेपिनो' म्हणतात. नोव्हेंबर उजाडला तरी पथके येण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा तेथील नगराध्यक्ष हावियेर हिमेनेस यांनी गावातली माणसे गोळा केली. प्राधिकरणातून निवृत्त झालेले जुने लाइनमन, खाजगी वायरमन, नगरपालिकेचे कामगार, आणि नुसते हात असलेले गावकरी! तारा प्राधिकरणाच्या मालकीच्या, त्यांना हात लावणे धोक्याचे, आणि काही चुकले असते तर जबाबदारी कोणाची? पण निवृत्त लाइनमनला आपल्या गावचा खांब न् खांब पाठ असतो. कोणती वाहिनी कोठून वळते हे त्याला नकाशात पाहावे लागत नाही. त्यांनी पडलेल्या तारा उचलल्या, ताणल्या, पुन्हा वापरल्या. जुने खांब उभे केले. आणि स्वतःला गमतीने नाव घेतले 'पेपिनो वीज प्राधिकरण'. पुढच्या काही महिन्यांत दोन हजारांहून अधिक घरे त्यांनी उजळली. एकेका आळीत दिवे लागत, तेव्हा लोक रस्त्यावर येऊन नाचत, रडत, आणि त्या म्हाताऱ्या लाइनमनांना मिठ्या मारीत.

मधल्या डोंगरात आदहुंतास नावाच्या गावाची तऱ्हा निराळी. तेथे 'कासा पुएब्लो' म्हणजे 'गावघर' या नावाची एक संस्था आहे. डोंगर पोखरून तांबे काढण्याच्या योजनेविरुद्ध १९८० साली ती सुरू झाली. तिने १९९९ पासून आपल्या घराच्या छपरावर सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, सूर्याच्या उजेडावर वीज करणाऱ्या पट्ट्या बसविल्या होत्या. वादळानंतर सारा गाव काळोखात असताना ते एक गुलाबी घर तेवढे उजळलेले होते. लोक तेथे आपली श्वासाची यंत्रे लावावयास येत, दूरध्वनी भारून नेत. संस्थेने हजारो सौर कंदील घरोघरी वाटले. वीज दूरच्या मनोऱ्यांवरून येण्याऐवजी डोक्यावरच्या छपरावर तयार झाली तर वादळाला तोडावयास तार उरत नाही, हा धडा त्या गावाने घेतला. २०२३ साली आदहुंतासच्या चौकातील दुकानांना जोडणारी लहानशी स्वतंत्र सौर व्यवस्था सुरू झाली.

२०१७ चे वर्ष संपता संपता निम्म्याहून थोड्या अधिक, सुमारे ५५ टक्के, ग्राहकांचे दिवे आले होते. वसंत ऋतूत बहुतेकांचे आले. मग १८ एप्रिल २०१८ रोजी पडलेला मनोरा उचलणाऱ्या एका यंत्राचा धक्का मोठ्या वाहिनीला लागला आणि पुन्हा एकदा साऱ्या बेटावरून हाक उठली: दिवे गेले! या खेपेस ते सुमारे दिवसाभरात परत आले. पण त्या एका धक्क्याने जे उघडे पडले ते पुरेसे होते. डोंगरावरच्या त्या काही तारांत बेटाचा जीव अजून तसाच अडकलेला होता. पन्नास हजारांच्या आसपास नवे खांब आणि हजारो मैल तार लावून, ऑगस्ट २०१८ मध्ये प्राधिकरणाने काम जवळजवळ पुरे झाल्याचे सांगितले. ज्या याबुकोआला वादळ पहिल्याने भेटले, तो भाग अंधारातून बाहेर पडला तो मागाहून, शेवटच्यांच्या रांगेत.

तारा उभ्या राहिल्या. पण बहुतांशी होत्या तेथे आणि होत्या तशाच. आपत्तीनंतरची केंद्राची मदत मुख्यत्वे मोडले ते पूर्ववत् करण्यासाठी असते, अधिक चांगले करण्यासाठी नव्हे. आणि लोक अंधारात बसलेले असताना नवी व्यवस्था आखीत बसण्यास सवड कोणाला? २०२१ साली तारांचा कारभार एका खाजगी कंपनीकडे गेला. १८ सप्टेंबर २०२२ रोजी 'फिओना' नावाचे, मारियाहून पुष्कळच सौम्य वादळ आले आणि सारे बेट पुन्हा काळोखात गेले. ३१ डिसेंबर २०२४ ला तर वादळही नव्हते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, लोक नव्या वर्षाच्या स्वागताची तयारी करीत असताना, पहाटेच जवळजवळ साऱ्या बेटाचे दिवे गेले.

*

आपण कोकणातली माणसे यातले थोडेफार जाणतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याचा वेग मारियाच्या निम्म्याहूनही कमी होता. तरी नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, खांबांच्या रांगाच्या रांगा शेतांत निजल्या, आणि रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे रॉकेलच्या बत्तीवर काढले. तेथेही महाराष्ट्राच्या दुसऱ्या जिल्ह्यांतून वीज कामगारांची पथके आली, चिखलातून खांब खांद्यावर वाहून नेले, आणि काम झाल्यावर कोणी नाव विचारण्याच्या आत निघून गेली.

मारियाने पोर्तो रिकोत अंधार केला तो एका दिवसात. तो अकरा महिने टिकला, तो मात्र न छाटलेल्या फांद्यांमुळे, न रंगवलेल्या मनोऱ्यांमुळे, न भरलेल्या जागांमुळे आणि वेळेवर न घातलेल्या हाकेमुळे. ही सारी माणसांची कामे. आणि तो अंधार शेवटी गेला, तोही माणसांच्याच हातांनी, एकेका खांबागणिक.

शेवटच्या खांबावरचे काम फार थोड्या वेळाचे असते. लाइनमन लांब काठीने फ्यूजची नळी वर ढकलतो. 'खट्' असा आवाज होतो. क्षणभर काहीच घडत नाही. मग खाली कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला, अकरा महिन्यांपूर्वी चालूच राहून गेलेला दिवा लागतो, दुसरा लागतो, आळीत भांडी बडवल्याचा आवाज येतो, आणि पोरे ओरडू लागतात. लाइनमन वरून एकवार पाहतो, आणि खाली उतरतो. गाडी पुढच्या डोंगराकडे निघते. तेथे अजून काळोख आहे.